सात रूथ ऐकताना

गेल्या महिन्यात जालन्यात बायबलातील रूथच्या कथेवर बसवल्या जाणाऱ्या एका मराठी संगीतिकेसाठी कलाकारांची निवड झाली. मी रूथची सासू नामी हिच्या भूमिकेसाठी नाव दिले होते. प्रयोग नाताळच्या आठवड्यात व्हायचा आहे आणि त्यात शहरातील निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांमधली माणसे आहेत, तशीच चर्चशी काही संबंध नसलेली, केवळ गाण्याच्या ओढीने आलेली माणसेही आहेत. त्या दिवशी जे घडले ते अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

बायबलातील कथेवर संगीतिका करायची म्हटल्यावर बहुतेकांना योसेफ आठवला होता. त्यात स्वप्ने आहेत, फारोचा दरबार आहे, भावांचे वैर आहे, आणि रंगमंचावर दाखवण्यासारखे पुष्कळ काही आहे. मात्र निवृत्त संगीतशिक्षिका असलेल्या आमच्या दिग्दर्शिका बाईंनी रूथचे पुस्तक निवडले. अवघे चार अध्याय आणि ८५ वचने असलेल्या या पुस्तकातील निम्म्याहून अधिक वचनांत माणसे एकमेकांशी बोलत असतात, त्यामुळे त्याची पदे करणे सोपे जाते, हे त्यांनी सांगितलेले पहिले कारण. दुसरे कारण त्यांना सांगावे लागले नाही. दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेम सोडून मवाब देशात गेलेले कुटुंब, तिथे दहा वर्षांत नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी, आणि गावी पाऊस पडून पुन्हा पिकले असे कानावर आल्यावर तिने धरलेली परतीची वाट, हे सारे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे, आणि त्या भाकरीच्या घरातच खायला उरले नाही, इथून कथेची सुरुवात होते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि ज्या बीड जिल्ह्यातून दसरा झाला की बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या मुलखात ही कथा गायची म्हणजे आपल्याच घरचे काही गायल्यासारखे आहे, असे मला पहिल्या दिवसापासून वाटत होते.

माझ्या सासूबाई १९७२च्या दुष्काळात सतरा वर्षांच्या होत्या. गाव सोडून सहा महिने त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या आणि त्या दिवसांतली सुकडी व लाल मिलो ज्वारीची भाकर यांची चव त्यांना अजून आठवते. निवडीची तयारी करताना मी त्यांना दुसरा अध्याय वाचून दाखवला. रूथ परक्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते, या ठिकाणी त्यांनी मला थांबवले आणि ‘सरवा’ हा शब्द बायबलात खरोखर आहे का, असे विचारले. आपण ज्वारीची गळालेली कणसे आणि भुईमुगाच्या मागे राहिलेल्या शेंगा वेचत होतो, त्यालाच देवाच्या पुस्तकात जागा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. शेताचे कोपरे झाडून कापू नयेत, सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावा, असे लेवीयाच्या पुस्तकात शेतकऱ्याला बजावलेले आहे, हेही मी त्यांना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “आमच्या गावात काही लोक सोडायचे. काही लोक ढोरं घालायचे.”

निवडीसाठी प्रत्येकाने एक भजन आपल्या पसंतीचे आणि एक पद संहितेतले म्हणायचे होते. भजनासाठी मी ‘उपासना संगीत’ हे आमचे भजनांचे पुस्तक काढले आणि नारायण वामन टिळकांचे लहानपणापासून पाठ असलेले एक पद निवडले. मराठी ख्रिस्ती माणसाला गाण्याच्या बाबतीत उसने काही आणावे लागत नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे. फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण ओवीबद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या मिशनमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आणि आमच्या जालन्याजवळ त्याच शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वस्ती वसवली. बाईंनीही संगीतिकेच्या चाली याच मातीतून घेतल्या आहेत. नामीची पदे जात्यावरच्या ओवीच्या अंगाने जातात, बेथलेहेमच्या बायकांचा समूह पैठणच्या नाथांच्या भारुडासारखा बोलतो, आणि नामी गावात परत येते तेव्हाचे पद जोगिया रागात बांधले आहे. सातूच्या जागी ज्वारी म्हणावे, अशी एक सूचना आली होती. ती बाईंनी मान्य केली नाही. शब्दांत सातूच राहील, कारण ती कापणी सातूचीच होती. समूहातल्या बायकांच्या हातात मात्र ज्वारीची कणसे असतील. मला हा निर्णय योग्य वाटला.

रविवारची उपासना संपल्यावर चर्चमागच्या सभागृहात आम्ही पंचवीस-तीस जण जमलो. नामीसाठी तिघी होतो आणि रूथसाठी सात मुली आल्या होत्या. आमच्यापैकी दोघींना अंबडकडची एसटी गाठायची होती, म्हणून त्यांची पदे आधी ऐकून बाईंनी त्यांना मोकळे केले. मग रूथच्या मुलींची पाळी आली, आणि बाईंनी मला सांगितले, “ताई, तुम्ही समोर उभ्या राहा. रूथने नामीशी बोलायचे आहे, भिंतीशी नाही.” अशा रीतीने, माझे स्वतःचे पद व्हायच्या आधी, मी एकामागून एक सात रूथ ऐकल्या.

ते पद सर्वांना माहीत असलेल्या वचनांवरचे आहे. तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, असे रूथ सासूला सांगते. पदाच्या मध्ये तीन वेळा नामीची एकच ओळ येते, “माघारी जा, माझ्या मुली.” तीनच का, तर पहिल्या अध्यायात नामी आपल्या सुनांना तीन वेळा परत फिरायला सांगते. म्हणजे सात मुलींना मिळून मला ती ओळ एकवीस वेळा म्हणायची होती.

पहिली मुलगी माझ्याशी न बोलता बाईंकडे पाहून गायली. दुसरीचा आवाज अतिशय तयार होता, तिच्या ताना ऐकून सभागृहात टाळ्या पडल्या, पण ती गात असताना मी तिथे नसते तरी काही बिघडले नसते. चौथी मुलगी दुसऱ्या कडव्यात शब्द विसरली. पेटीवाले काका सूर धरून थांबले, कोणी शब्द सांगितले नाहीत, आणि ती घाबरून माझ्याकडे पाहत राहिली. मी माझी ओळ तिला पुन्हा दिली, “माघारी जा, माझ्या मुली,” आणि त्यावर तिला शब्द आठवले. त्या क्षणापर्यंत ती ओळ मी सासूच्या मायेने, जवळजवळ अंगाईसारखी म्हणत होते. मात्र जिला जायला दुसरी वाट नाही अशा घाबरलेल्या मुलीला ‘परत जा’ म्हणताना ती माया माझ्या घशात अडकली. नामी हे वाक्य शिष्टाचार म्हणून म्हणत नाही. तिला नवरा नाही, कमावता मुलगा नाही, परक्या देशातल्या विधवा सुनेला आपल्या गावात कोण विचारील याची तिला पूर्ण कल्पना आहे. आणखी एका तोंडाला घालायला आपल्याजवळ काही नाही, हेच ती तीनदा सांगते आहे.

सहावी मुलगी परतूरकडची होती आणि नर्सिंगचे शिक्षण घेत होती. तिचा आवाज लहान होता, वरच्या सुरांना तो पोचतही नव्हता. पण “तुझे लोक ते माझे लोक” या ओळीला तिने माझ्या पदराचे टोक हातात धरले आणि पद संपेपर्यंत सोडले नाही. तसे करायला तिला कोणी सांगितले नव्हते. मी तिला जवळ घेण्यासाठी हात उचलला, तेव्हा बाईंनी मला थांबवले. रूथचे एवढे बोलणे ऐकूनही नामी तिला काही उत्तर देत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. अठराव्या वचनात एवढेच आहे की, हिचा निश्चय झाला आहे हे पाहून नामीने तिच्याशी त्याबाबत बोलणे सोडले. मी हे पुस्तक कितीदा वाचले असेल, पण ती शांतता माझ्या लक्षात कधी आली नव्हती. मी नेहमी मनातल्या मनात तिथे एक मिठी घालून टाकत असे.

यानंतर माझे पद झाले. नामी बेथलेहेमला पोचते, सारे गाव गोळा होते, आणि ती म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे मनोहर आणि मारा म्हणजे कडू. मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणले, असे ती गावासमोर सांगते. घरी मी हे पद काळी चारमध्ये बसवले होते, पण तासभर ‘माघारी जा’ म्हणून आवाज उतरला होता, म्हणून काकांनी ते पांढरी चारमध्ये घेतले आणि ते खालच्या सुरात अधिक शोभले. मुखडा चांगला गेला. अंतऱ्यात ‘रिकामी’ या शब्दावर मी आले आणि माझी नजर आपोआप त्या परतूरच्या मुलीकडे वळली. ती अजून माझ्या शेजारीच उभी होती. सासूमागे देश सोडून चालत आलेली सून शेजारी उभी असताना, तिच्या देखत, मी रिकामी आले असे नामी म्हणते. तो शब्द माझ्या तोंडून पूर्ण ताकदीने निघाला नाही.

बाईंनी मला थांबवून सांगितले की या ठिकाणी नामीने रूथकडे पाहायचे नाही, कारण तिला ती दिसतच नाही. मी पुन्हा म्हटले आणि पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा डोळे मिटून म्हटले, तेव्हा शब्द सापडला, पण मिटलेल्या डोळ्यांनी गायलेली नामी कोणाचीच नसते, हे मलाही कळत होते.

चार दिवसांनी निवड जाहीर झाली. नामीची भूमिका अंबडच्या एका ताईंना मिळाली आणि रूथसाठी त्या सहाव्या मुलीला घेतले. तिच्या निवडीचा मला फार आनंद झाला. माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र मला वाईट वाटले आणि ते मी लपवत नाही. दोन महिने मी ती भूमिका मनात वागवली होती. बाईंनी मला बेथलेहेमच्या बायकांच्या समूहात पुढे उभे राहायला सांगितले होते. त्याचे कारण मी फोनवर विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, तुम्हाला रूथ दिसते. नामीला ती शेवटपर्यंत दिसत नाही, तिला ती शेजारणी दाखवतात. मला ती शेजारीण पाहिजे आहे.”

मी त्या रात्री चौथा अध्याय उघडला. रूथला मुलगा झाल्यावर गावातल्या बायका नामीला सांगतात की तुझ्यावर प्रेम करणारी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. नामीच्या डोळ्यांसमोर इतके दिवस जे होते, ते तिला बोलून दाखवणारे या पुस्तकात दुसरे कोणी नाही. एवढेच नव्हे, तर त्या बाळाचे ओबेद हे नावही शेजारणीच ठेवतात. हाच ओबेद पुढे दावीद राजाचा आजोबा झाला. आई, आजी, बाळाचा बाप बवाज असे सगळे घरात असताना शेजारणींनी बारशाचा मान घ्यावा, हे मी आजवर वाचून सोडून दिले होते.

आता दर गुरुवारी संध्याकाळी आमची तालीम असते. समूहात आम्ही सोळा जणी आहोत, आणि आमचे पहिले वाक्य म्हणजे एक प्रश्न आहे, “ही नामीच ना?” दहा वर्षांनी परतलेल्या बाईला पाहून सारे गाव हलते आणि बायका हे विचारतात, एवढेच पुस्तकात आहे. त्यात कुतूहल किती, कळवळा किती, आणि बरे झाले आपण गेलो नाही अशी सुटका किती, याचा मेळ आम्हाला अजून साधलेला नाही. गेल्या गुरुवारी बाईंनी ते वाक्य आमच्याकडून अकरा वेळा म्हणून घेतले आणि अकराही वेळा मान हलवली.

घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारले, त्या सहा महिन्यांनी खडीच्या कामावरून गावात परत आल्या तेव्हा बायकांनी त्यांना काय विचारले होते. त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, “कुणी काय इचारलं न्हाई. आधी पायाकडं बघायच्या. पायात काय हाय का, भेगा किती पडल्यात, त्याच्यावरून समदं कळायचं. तोंडाकडं मागून बघायच्या.”

येत्या गुरुवारी मी बाईंना हे सांगणार आहे. नामी वेशीतून आत येईल, आम्ही सोळा जणी आधी तिच्या पायांकडे पाहू, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या दुसऱ्या अनवाणी पायांकडे, आणि त्यानंतर मान वर करून ते वाक्य म्हणू.