जवळच्या घाटाने जाऊ नका : मोटरहोम, दोन मांजरे आणि अर्धी गोधडी

अकरा दिवसांच्या या प्रवासातील दहा दिवसांबद्दल मला फारसे सांगायचे नाही. रस्ते चांगले होते, मांजरे झोपून होती, नातलग भेटले आणि गोधडीचे चौकोन ठरल्याप्रमाणे तयार होत गेले. मला सांगायचे आहे ते सहाव्या दिवशीच्या ३४ किलोमीटरांबद्दल. त्या रस्त्याने आमचे ३ तास ४० मिनिटे घेतली, ब्रेक निकामी होण्याच्या बेतात आणले, आणि आमच्या नऊ वर्षांच्या मंजी या मांजरीला तोंड उघडून धापा टाकायला लावल्या. ज्यांना मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, चालवता येते आणि ज्यांची मांजरे गाडीला सरावलेली आहेत, त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. अगदी प्राथमिक गोष्टी यात नाहीत.

आमची गाडी ७ मीटर लांब आणि ३.१ मीटर उंच आहे. सामानासह तिचे वजन ३,५०० किलोंच्या मर्यादेला जवळजवळ टेकलेले असते. आत आम्ही दोघे, मंजी, तीन वर्षांचा काळू नावाचा बोका, शिलाई यंत्र आणि कापडाच्या दोन पेट्या. आत्याच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी १५० × २०० सेंटिमीटरची गोधडी करायची होती. तिचे २५ सेंटिमीटरचे ४८ चौकोन होणार होते आणि त्यांतील प्रत्येकी सोळा चौकोनांचे कापड बहिणीकडून, चुलतभावाकडून आणि शेवटी खुद्द आत्याच्या जुन्या साड्यांमधून घ्यायचे होते. तीन घरांच्या भेटी आणि गोधडी या दोन्ही गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे दिवसांचा हिशेब घट्ट होता, आणि त्या घट्टपणामुळेच आम्ही फसलो.

चुलतभावाच्या घरून निघताना त्याने फार आपुलकीने सांगितले, "ताई, खालून कशाला वळसा घालतेस? वरच्या घाटातून जा, आम्ही नेहमी तिथूनच जातो. दीड तासात आत्याच्या दारात असशील." मोबाइलवरच्या नकाशानेही तेच दाखवले: घाटाने ३४ किलोमीटर, एक तास दहा मिनिटे, खालून ११८ किलोमीटर, दोन तास. भाऊ खोटे बोलला नव्हता. तो त्याच्या छोट्या मोटारीबद्दल बोलत होता आणि नकाशाही मोटारीबद्दलच बोलत होता. गाडीची उंची, लांबी आणि वजन भरून घेणारा नकाशा वेगळा असतो. तो आमच्याकडे होता, पण घरच्या माणसाने इतक्या खात्रीने सांगितल्यावर मी तो उघडलाच नाही. नातलगांना "किती वेळ लागतो" हा प्रश्न विचारूच नये. "त्या रस्त्याने मोठी बस किंवा मालट्रक जातो का" एवढेच विचारावे. मी हे नंतर भावाला विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही गं, ट्रक कधी पाहिला नाही तिथे."

चढाचे पहिले बारा किलोमीटर अवघड असले तरी जमण्यासारखे होते. त्यानंतर रस्ता इतका अरुंद झाला की समोरून साधी मोटार आली तरी कोणालातरी मागे जावे लागत होते, आणि ७ मीटरच्या गाडीला मागे जाणे शक्य नसल्यामुळे दर वेळी समोरच्यालाच विनवावे लागे. आखूड वळणांवर गाडीचा मागचा भाग वळणाच्या उलट बाजूला बाहेर फेकला जातो, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. त्या दिवशी मागच्या कोपऱ्याने दरडीचा दगड घासला तेव्हा ते खरे कळले. अशा वळणावर शेजारच्या माणसाने खाली उतरून मागे उभे राहावे. आरशावर विसंबू नये.

वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर जात नव्हता आणि ऊन थेट छतावर होते. पुढच्या आसनांजवळची थंड हवा मागच्या भागात पोहोचत नाही. एरवी वेगामुळे वरच्या झडपेतून वारा खेळतो, तोही इथे नव्हता. काळूने दोनदा उलटी केली. मंजी मात्र गप्प होती आणि मी ते शांतपणाचे लक्षण समजले. माझ्या पतींनी मागे जाऊन पाहिले तेव्हा ती जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. कुत्र्याने धापा टाकणे नेहमीचे असते, मांजराने टाकणे हे नेहमीचे नसते. ते उष्णतेचे, तीव्र भीतीचे किंवा श्वासाच्या त्रासाचे लक्षण आहे आणि ते दिसताच गाडी थांबवली पाहिजे. थांबायला जागा मिळेपर्यंत वीस मिनिटे गेली. आम्ही तिचे पंजे, कान आणि पोट साध्या, बर्फाच्या नव्हे, पाण्याने ओले केले, हातपंख्याने वारा घातला, आणि ती तोंड मिटून श्वास घेऊ लागेपर्यंत अर्धा तास तिथेच बसून राहिलो.

उतार १६ किलोमीटरांचा होता आणि तेवढ्यात रस्ता सुमारे ९०० मीटर खाली येत होता. मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरायला सुरुवात केली, ही माझी चूक. ज्या गिअरमध्ये तोच रस्ता चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकलेला असावा. मी ब्रेकवर पाय हलका दाबून ठेवत आले, आणि सहाव्या किलोमीटरला जळका वास येऊन पेडल मऊ लागू लागले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते. असे जुने ऑइल तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचण्याऐवजी त्या बुडबुड्यांतच जिरतो. आमचे ऑइल तीन वर्षांचे होते. ते दर दोन वर्षांनी बदलावे असे सर्वसाधारणपणे सांगतात, आणि भरलेल्या मोटरहोमने घाट उतरायचा असेल तर यात मुळीच सूट घेऊ नये. पेडल मऊ लागताच मी दुसरा गिअर टाकून पहिल्या रुंद जागी गाडी उभी केली, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि पाऊण तास थांबले. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतायचा मोह होतो, तो आवरावा, कारण तापलेली तबकडी एकदम थंड झाली तर वाकते किंवा तडकते. उरलेला उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणायचा आणि पाय पूर्णपणे उचलायचा, असे करत आले आणि काही अडचण आली नाही. आणखी एक गोष्ट: पुढे पाणी मिळेल की नाही या शंकेने आम्ही १०० लिटरची टाकी काठोकाठ भरली होती. ते १०० किलो ओझे घाटात वाहून नेण्याचे काही कारण नव्हते. वीस लिटर पुरले असते.

त्या रस्त्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: मोटरहोमने जाऊ नये. कोरड्या हवेत नाही, सकाळी लवकर नाही, अनुभवी चालकानेही नाही. असा रस्ता नकाशावरून ओळखता येतो. उपग्रहाचे चित्र लावून आखूड वळणे मोजावीत आणि वाटेत गाडी बाजूला घेण्याच्या जागा दिसतात का ते पाहावे. आमच्या वाटेवर बारा किलोमीटरांत अशी एकही जागा नव्हती, आणि ते घरी बसून पाच मिनिटांत कळले असते. नकाशाने दाखवलेल्या वेळेला मी आता सपाटीवर दीडपट आणि घाटात तिप्पट धरते.

मांजरांच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही बरोबर केली होती. दोन्ही पिंजरे आसनाच्या पट्ट्याने आवळलेले होते. चालत्या गाडीत मांजर मोकळे सोडणारे लोक मला वाटेत भेटले आणि "आमचे शांत असते" असे त्यांनी सांगितले. घाबरलेले मांजर नेहमी अंधारी, अरुंद जागा शोधते आणि मोटरहोममध्ये अशी सर्वांत जवळची जागा चालकाच्या पायांजवळ, ब्रेकच्या पेडलखाली असते. त्या उतारावर काळू मोकळा असता तर काय झाले असते, याचा विचार मी टाळते. भिंत बाहेर सरकवून खोली वाढवण्याची सोय ज्यांच्या गाडीत आहे, त्यांनी ते यंत्र हलवण्यापूर्वी प्रत्येक मांजर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. निघण्यापूर्वी चार-पाच तास खायला घालू नये, पाणी मात्र द्यावे. मळमळीसाठी पशुवैद्याकडून आधीच औषध लिहून घ्यावे आणि ते घरी असताना एकदा देऊन पाहावे. माणसांचे पॅरासिटॅमॉल मांजराला जीवघेणे असते, तेव्हा घरातील औषधपेटी उघडूच नये. त्या दिवसानंतर मंजीने दीड दिवस अन्नाला तोंड लावले नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून मी तास मोजत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने खाल्ले, तेव्हा मी रडले.

घाट उतरल्यावर आत्याच्या गावापर्यंत जाण्याचे त्राण नव्हते, म्हणून पायथ्याशी गाड्या उभ्या करण्याच्या एका मैदानावर रात्र काढली. तिथे आम्हाला लुबाडण्यात आले. फोनवर एक भाडे सांगितले होते. सकाळी त्यात प्रत्येक मांजरामागे वेगळी आकारणी आणि ११ युनिट विजेचे पैसे जोडले होते. आमच्या गाडीतील मोजणीयंत्र त्या रात्रीचा वापर ४ युनिटही दाखवत नव्हते. मी वाद घातला, पण आल्यावर त्यांच्या मीटरचे छायाचित्र काढले नव्हते, त्यामुळे हातात पुरावा नव्हता आणि अंगात जोरही नव्हता. केबल जोडण्यापूर्वी आणि काढल्यानंतर मीटरचे छायाचित्र काढावे, आणि प्राण्यांची आकारणी आहे का हे फोनवर नव्हे, लेखी संदेशात विचारून घ्यावे. थकलेल्या माणसाकडून वाटेल तेवढे पैसे घेता येतात हे अशा ठिकाणच्या लोकांना चांगले ठाऊक असते.

त्याच रात्री मी मन शांत व्हावे म्हणून शिवायला बसले आणि दुसरी चूक केली. दोरा ओवलेली सुई टेबलावरच्या गादीत खोचून मी चहा ठेवायला उठले. परत येते तो काळू दोऱ्याचे टोक चघळत होता. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आत आतच जातो. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकले की आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होते आणि ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू शकतो. सुदैवाने दुसरे टोक सुईतच होते आणि दोरा नुकताच तोंडात गेला होता. तो गिळला गेला असता, तर तोंडातून किंवा शेपटीखाली दिसणारे टोक कधीही ओढायचे नाही, तडक पशुवैद्याकडे जायचे. मोटरहोममध्ये शिवणारीची खोली, झोपण्याची खोली आणि मांजराची खोली एकच असते. म्हणून आता प्रत्येक तुटका दोरा झाकणाच्या बरणीत जातो, सुया मोजून डबीत जातात, आणि मी थकलेली असताना शिवत नाही.

यंत्राचा प्रश्न सोपा आहे. साधे शिलाई यंत्र सुमारे १०० वॉट घेते आणि चांगल्या इन्व्हर्टरवर निर्धास्त चालते. इस्त्रीचे तसे नाही. १,२०० वॉटची इस्त्री १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते, आणि १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते. तेव्हा बाहेरची वीज नसेल तेथे शिवणी नखाने किंवा लाकडी पट्टीने दाबून बसवाव्यात. घडीच्या टेबलावर यंत्र थरथरते आणि ६ मिलिमीटरची शिवण नकळत ७ ची होते. आठ पट्ट्यांच्या एका चौकोनात सात शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचा एकेक मिलिमीटर जातो, म्हणजे चौकोन १४ मिलिमीटरने आखडतो. माझे पहिले पाच चौकोन असेच गेले. कापण्याची चटईही त्या घाटातल्या उन्हात वाकली आणि पुन्हा सरळ झाली नाही. ती उभी ठेवू नये, गादीखाली आडवी ठेवावी.

नातलगांच्या घरी मांजरे आत नेऊ नयेत. "आणा ना आत, बिचारी गाडीत काय करतील?" असा आग्रह सर्वत्र झाला आणि बहिणीकडे आम्ही तो मानला. काळूला कपाटामागून काढायला दोन तास लागले. त्यांच्यासाठी गाडी हेच ओळखीचे घर आहे, बाकी सगळी घरे परकी. वीज मात्र घरातून घ्यावी, आणि घेताना लांब केबल रिळावरून पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली केबल भाराखाली तापून वितळू शकते.

आत्याकडचे तीन दिवस छान गेले. तिने तीन साड्या काढून दिल्या आणि कोणती कधीची हे सांगत ती माझ्या शेजारी मोटरहोममध्ये बसून राहिली. परतताना आम्ही खालचा ११८ किलोमीटरांचा रस्ता घेतला, ३ तास लागले, दोन्ही मांजरे झोपून होती. गोधडीचे ३७ चौकोन झाले आहेत, ११ उरले आहेत, आणि ते सगळे जोडून, आत कापसाचा थर घालून, अस्तर लावून आत्याच्या वाढदिवसापर्यंत पोहोचवायला माझ्याकडे सात आठवडे आहेत. ब्रेक ऑइल बदलून झाले आहे.