६४०० च्या पुढचे चारशे

आम्ही ज्या मैदानावर ऑटोक्रॉस, म्हणजे एकेका गाडीची वेळेविरुद्धची शर्यत, करतो तिथं तिसऱ्या वळणाआधी मुरमाचा एक सरळ पट्टा आहे. पट्टा संपायला जेमतेम सेकंदभर उरायचा आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ६४०० आरपीएमवर (मिनिटाला ६४०० फेरे) पोचून कट मारायचं, म्हणजे लिमिटर त्याचं पेट्रोल तोडायचा. गाडीनं एकदम मान टाकल्यासारखं व्हायचं. तिसरा टाकावा, तर लगेच ब्रेक आणि पुन्हा दुसरा. एका सेकंदासाठी दोनदा क्लच. प्रत्येक फेरीत हेच. मला तिथं चारशे आरपीएम जास्त हवे होते.

गाडी ९९९ सीसीची, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, सहा गिअर. कागदावर ताकद ११० पीएस. वॉरंटी संपलेली, नाहीतर मी हात लावला नसता.

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा संपल्यावर जानेवारीच्या शेवटी मी अण्णांकडे गेलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांमध्ये त्यांचं हेड आणि बोअरिंगचं वर्कशॉप आहे. मला वाटलं होतं, ते व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलायला सांगतील. त्यांनी विचारलं, "वर हवा हाय का बे? हवाच नसंल तर सुई वर नेऊन काय करतो?"

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा होता. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. लहान टर्बो खालून लवकर भरतो, म्हणून शहरात गाडी दोन हजारालाच खेचते. पण इंजिन वर जाईल तसं ते जास्त हवा मागतं, आणि छोट्या कॉम्प्रेसरची तेवढी हवा देण्याची ऐपत नसते. त्याचं चाक आधीच मिनिटाला लाखभराच्या कितीतरी वर फिरत असतं. आणखी पळवलं तर हवा वाढत नाही, तापते मात्र. शिवाय छोट्या टर्बाइनच्या तोंडाशी एक्झॉस्ट तुंबतो.

मग डायनो, म्हणजे चाकावरची ताकद मोजणारं यंत्र. त्यासाठी पुणं गाठलं, अडीचशे किलोमीटर. चाकावरचे आकडे असे आले: ४४०० ला १५२ न्यूटन मीटर, ६४०० ला १०४. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. ६४०० ला ६९.७, आणि ४४०० ला ७०. तिसरा टाकल्यावर सुई बरोबर ४४०० च्या आसपास येते. म्हणजे हैदराबाद रोडवर सरळ पळवायची असती, तर लिमिट वाढवून मला काहीही मिळालं नसतं. उलट ६४०० च्या किंचित आधीच गिअर टाकणं शहाणपणाचं होतं. पुष्कळ जण इथंच फसतात. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद असं धरून चालतात आणि उतरत्या टॉर्कवर इंजिन ताणत राहतात. माझा फायदा फक्त त्या एका सेकंदाचा होता, दोन गिअर वाचवण्याचा. तो मला पुरेसा वाटला.

परत आल्यावर अण्णांनी दुसरा हिशेब मांडला. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल, ७६.४ मिलिमीटर. ६४०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.३ मीटर, ६८०० ला १७.३. ऐकायला फरक थोडा वाटतो. पण पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ओढ वर्गाच्या हिशेबानं वाढतो, म्हणजे सुमारे १३ टक्के. सगळ्यात वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टोकाला येतो. वर जाणाऱ्या पिस्टनला थोपवून खाली खेचायचं असतं आणि त्याला वरून दाबणारा गॅस तेव्हा नसतो. सगळा भार रॉडच्या बोल्टवर. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवला की रॉड वाकण्याची भीती आणि आरपीएम वाढवले की बोल्ट ताणण्याची, अशी दोन वेगळी मरणं आहेत. अण्णांनी त्यांच्या वडिलांच्या कापडाच्या मागाचं उदाहरण दिलं (पिक्स म्हणजे मिनिटाला पडणारे आडवे धागे): "पिक्स वाढव म्हणतेत. वाढवतो की. पण पयला धोटा उडतोय, कापड मागनं."

आम्ही ठरवलं की ६८०० च्या वर जायचं नाही, बूस्ट काडीचाही वाढवायचा नाही, उलट ६००० नंतर तो उतरता ठेवायचा. त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीवरचा दाब कमी राहतो आणि मूळ स्प्रिंगांना वेळेत व्हॉल्व्ह बंद करणं जमतं. हेड उघडलं नाही. त्याआधी सिलिंडर दाब किती धरतात आणि किती गळतात हे बघायला कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट केली, तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. तेल आणि प्लग नवे. टायमिंग बेल्ट नीट पाहून घेतला.

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. त्याची सेटिंग बदलणाऱ्या ट्यूनरची पहिली फाईल आली तेव्हा मी फार आनंदात होतो. लिमिटरचा आकडा ६८०० केलेला. मैदानावर गेलो, आणि ६४०० च्या पुढं गाडी जागच्या जागी थिजली. कट नाही, धक्का नाही, नुसती मरगळ. लॉग (ईसीयूतली नोंद) उघडला तर माझा पाय पूर्ण दाबलेला आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या हवेची झडप, मात्र निम्म्यावर आलेला. हा भाग ज्यांना करायचाय त्यांनी नीट समजून घ्यावा. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर थ्रॉटलला जोडलेला नसतो. आपण पाय दाबून ईसीयूकडे टॉर्क मागतो, आणि किती द्यायचा ते तक्ते बघून तो ठरवतो. लिमिटरचा आकडा हा त्यातला एकच. मागणीचा तक्ता, टॉर्कच्या मर्यादेचा तक्ता, इग्निशनचा, बूस्टचा, सगळे जुन्या आरपीएमपर्यंतच लिहिलेले होते. शेवटच्या रकान्यात मूळ कारखान्यानं मुद्दाम टॉर्क उतरवत आणलेला. आम्ही दरवाजा पुढं सरकवला होता, वाट तिथपर्यंत नव्हतीच.

दुसऱ्या फाईलमध्ये मागणी वाढवली, तर चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी लंगडी झाली. ईसीयू मागितलेला टॉर्क आणि हवेवरून मोजलेला टॉर्क सतत ताडून बघतो. दोन्ही जुळले नाहीत की गडबड समजून ताकद काढून घेतो. तिसऱ्या फाईलमध्ये ट्यूनरनं सगळे तक्ते एकमेकांशी जुळवत ६८०० पर्यंत नेले. त्याला तीन आठवडे लागले. कट मात्र पेट्रोलचाच ठेवला. स्पार्क तोडला असता तर न जळालेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटलं असतं.

पेट्रोलची एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. ६८०० ला एक फेरा ८.८ मिलिसेकंदांत संपतो. इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये असल्यानं पेट्रोल फवारायला त्यातलाही काहीच भाग मिळतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं प्रमाण थोडं जास्त लागतं, म्हणून त्या वेळेत ते पुरतंय का हे तपासावं लागतं. रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण दोन्ही लॉगवर टिकले, तेव्हा पुढं गेलो.

तोवर एप्रिल उजाडला होता. सोलापूरचा एप्रिल काय असतो हे इथल्यांना सांगायला नको. दुपारी पारा ४२ वर. बोनेटखाली इनटेकची हवा इतकी तापायची की ईसीयू नॉकच्या (मिश्रण अवेळी पेटण्याच्या) भीतीनं इग्निशन मागं ओढायचा, म्हणजे ठिणगी उशिरा द्यायचा, आणि वरचे चारशे निर्जीव वाटायचे. दोन रविवार मी फाईलला दोष देत होतो. मग पहाटे साडेपाचला गेलो आणि तीच फाईल मोकळी पळाली. तेव्हापासून सगळ्या टेस्ट उजाडता उजाडता, आणि प्रत्येक तीन फेऱ्यांनंतर दहा मिनिटं बोनेट उघडं.

मे महिन्यात एक चूक झाली आणि ती माझीच. वळणात घाईत तिसऱ्यावरून दुसरा टाकला, वेग उतरायच्या आधीच. क्लच सोडल्याबरोबर इंजिन किंचाळलं. लॉगमध्ये ७३५०. लिमिटर पेट्रोल तोडू शकतो. चाकं गिअरमधून इंजिनाला फिरवत असतील तर त्याच्या हातात काही नसतं. पिस्टन सेकंदाला १८.७ मीटर, ६४०० च्या तुलनेत रॉडवरचा ओढ जवळजवळ एक तृतीयांश जास्त. गाडी ट्रेलरवर घालून अण्णांकडे नेली. सिलिंडर टेस्ट पुन्हा केली, व्हॉल्व्ह कव्हर उघडलं, तेल गाळून त्यात धातूचा चुरा आहे का पाहिलं. काही सापडलं नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "आज देवानं वाचिवलं बे. उद्यापासनं तू वाचव." त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर लिमिट मी ६८०० वरून ६७०० वर आणली. पट्ट्याला तेवढी पुरते, आणि रॉडच्या बोल्टवरचा ओढ थोडा का होईना कमी होतो. ही फाईल फक्त मैदानापुरती. रस्त्यावर येण्याआधी मूळ फाईल परत टाकतो. आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, आणि विजापूर रोडच्या गर्दीत मला त्या चारशेची गरजही नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी पूर्ण फेरी मारली. तिसऱ्या वळणाआधी लॉगमध्ये ६६४० दिसतं, गिअर दुसराच, थ्रॉटल पूर्ण उघडा. फेरी जानेवारीपेक्षा सेकंदाहून थोडी कमी वेळात झाली. कागद अण्णांना दाखवला. त्यांनी वेळ पाहिलीच नाही, तेलाच्या तापमानाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे अजून खाली आण."