५.१ मिक्सर: अखेर सहाही चॅनल बोलले

सेट-टॉप बॉक्सवर मॅच लावायची आणि त्याच ५.१ स्पीकरवर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) कॉम्प्युटरचाही आवाज ऐकायचा, एवढाच हट्ट. ॲम्पवर इनपुट बदलत बसायचं नाही.

सुरुवातीचा वेडेपणा कबूल करतो. दोन ऑप्टिकल रिसीव्हरचे (प्रकाशाने आलेला डिजिटल सिग्नल विजेत बदलणारे भाग) आउटपुट रेझिस्टरने एकत्र बांधले आणि ॲम्प पार मुका झाला. होणारच. त्या तारेत आवाजाची लहर नसते, नुसते बिट असतात आणि दोन्ही यंत्रांची घड्याळं वेगळी. त्यात डॉल्बी डिजिटल म्हणजे सहाही चॅनलचं गच्च बांधलेलं गाठोडं: ४८ किलोहर्ट्झला एका फ्रेममध्ये १५३६ सॅम्पल, म्हणजे ३२ मिलिसेकंदांचा आवाज. डीएसपी (डिजिटल आवाजावर गणितं करणारी चिप) आणला तरी गाठोडं सोडल्याशिवाय बेरीज नाही. म्हणून आधी डिकोडर बोर्ड, मग ॲनालॉगमध्ये मिक्सिंग.

बुधवार पेठेतून तीन एनई५५३२ चिप आणल्या. एकीत दोन ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारे छोटे सर्किट), सहा चॅनलचा हिशेब चोख. इनपुटला १० के (किलोओहम) रेझिस्टर, फीडबॅकला (आउटपुटकडून परत इनपुटकडे) १० के, म्हणजे सिग्नलची बेरीज करणारा साधा समिंग ॲम्प. कॉम्प्युटर फक्त पुढच्या डाव्या-उजव्यात मिसळायचा होता, म्हणून आळस करून तेवढेच दोन चॅनल ऑपॅम्पमधून नेले आणि बाकीचे चार सरळ ॲम्पला.

इथे दोन रविवार गेले. सेंटरमधलं समालोचन नीट, पण प्रेक्षकांचा गलका पोकळ, बादलीतून आल्यासारखा. केबल बदलल्या, सोल्डरचे डाग पुन्हा मारले. शेवटी पुढच्या दोन्ही स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या आणि बास धपकन परत आला! समिंग ॲम्प सिग्नल उलटा करतो. माझे दोन चॅनल उलटे, चार सुलटे, म्हणून एकमेकांना खोडत होते. आता तारा जागेवर आणि सहाही चॅनल ऑपॅम्पमधून. सगळेच उलटे असले की कानाला काही कळत नाही.

जाता जाता सबवूफर. त्याचा एलएफई (फक्त खोल आवाजांचा) चॅनल बाकीच्यांपेक्षा १० डीबी वर वाजायला हवा. टेस्ट टोन लावून मीटर धरला, तर आमचा बोर्ड तेवढं उचलतच नव्हता. तिथे फीडबॅकला ३३ के टाकला. १० केच्या जागी ३३ के म्हणजे ३.३ पट, साधारण साडेदहा डीबी. शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी चौकशी केली.

राहिलाय तो हम, म्हणजे सततची घरघर. लॅपटॉप चार्जरवर असला की घूंऽऽ, पिन काढली की शांत. म्हणजे ग्राउंड लूप (यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह). पुढच्या रविवारी कॉम्प्युटरच्या इनपुटला ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून बघतो.