आमच्या रस्त्यावरच्या बसगाड्या

२०२३च्या पावसाळ्यातली रात्र. समोरच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ची ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण कोपऱ्यावरच अडकली. मुंबईतल्या कांजूरमार्गच्या आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या बस लागलेल्या. चौघांनी भर पावसात स्ट्रेचर तिथवर उचलून नेलं. काका वाचले, पण माझ्या डोळ्यांसमोरून ते दृश्य हलेना.

दुसऱ्या दिवशी मी वाहतूक चौकी गाठली. हवालदारांनी ऐकून घेतलं, दोन बसना चलान लावलं. रात्री त्याच बस पुन्हा हजर. महिनाभर मी फोटो काढत आणि तक्रारी करत राहिले. शेवटी तेच हवालदार म्हणाले, "ताई, इथे नो पार्किंगचा फलकच नाही. आधी रस्त्यासाठी अर्ज करा."

रस्ता महापालिकेचा असला तरी तिथे कोणती गाडी उभी राहील, हे वाहतूक पोलीस ठरवतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या ११५ ते ११७ या कलमांखाली वाहतूक पोलिसांचे उपायुक्त अधिसूचना काढतात. नगरसेवकांकडे जाण्याचा मार्ग तेव्हा बंद होता, कारण महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्येच संपली होती.

मग आम्ही टेप घेऊन रस्ता मोजला. फूटपाथ सोडून साडेसात मीटर. बसची रुंदी अडीच मीटर, दोन्ही बाजूंच्या मिळून पाच. मधे उरतात अडीच. अग्निशमनाचा बंब साधारण तेवढाच रुंद असतो. त्यात बसचे आरसे बाहेर आलेले. हा हिशेब नकाशा काढून अर्जाला जोडला. माझ्या मते सगळ्या फोटोंपेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडलं. चार सोसायट्यांनी ठराव केले, प्रत्येकीच्या लेटरहेडवर पत्र गेलं. प्रती विभाग कार्यालयात आणि अग्निशमन केंद्रात दिल्या. प्रत्येक ठिकाणी शिक्क्यासह पोच घेतली. ती घ्याच, पुढच्या खेपेला सगळं त्या आवक क्रमांकावरच चालतं.

तीन महिने काही हललं नाही. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं की अर्ज सध्या कोणाकडे आहे. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, पाठोपाठ पाहणीही झाली.

पाहणीच्या आदल्या रात्री एका चालकाशी बोलले. शेवटची पाळी सोडायला साडेबारा होतात, पहिली न्यायला पाचला निघायचं. मालकाकडे जागा नाही, म्हणून तो बसमध्येच झोपतो. मला फार वाईट वाटलं. त्याच्या झोपेची सोय करणं मालकाचं काम आहे, पण चलानाचे पैसेही चालकाच्याच पगारातून कापले जात होते.

एप्रिलमध्ये फलक लागला: एका बाजूला पूर्ण बंदी, दुसऱ्या बाजूला जड वाहनांना मनाई. बहुतेक बस गेल्या. एक अजून अधूनमधून येते, तेव्हा चौकीत फोन करते.

बेस्टच्या आगारांत पैसे भरून खासगी गाड्या लावता येतात. जवळच्या आगारात या बसना रात्रीपुरती जागा मिळावी आणि चालकांसाठी स्वच्छतागृह खुलं राहावं, असं दुसरं पत्र आता सोसायट्यांनी दिलं आहे. त्याचीही पोच फाइलला लावली आहे.