आधी सायलेन्सर मोकळा कर

जानेवारी 2015. बॉस्टनमध्ये दोन फुटांवर बर्फ पडून गेला होता. शेजारच्या आमच्या वॉल्थम शहरातही गाड्या ओळखू येईनात. लेकाला थंडी वाजू नये म्हणून मी गाडी सुरू करून, हीटर लावून त्याला आत बसवलं आणि पुढचा बर्फ फावड्याने उपसायला लागले.

शेजारच्या आजी घरातल्या सपातांवरच धावत आल्या. "इंजिन बंद कर! पोराला बाहेर काढ!" मला काही कळायच्या आत त्या गाडीमागे गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ उकरत होत्या. सायलेन्सरचं तोंड पूर्ण बुजलं होतं. धूर बाहेर पडू शकला नाही की गाडीत शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस नुसता झोपत जातो.

लेक ठणठणीत होता. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

त्या संध्याकाळी आजींनी 6 फेब्रुवारी 1978 ची गोष्ट सांगितली. सोमवार होता. वादळाचा इशारा होता, पण सकाळी काहीच पडेना, म्हणून सगळे कामावर गेले. मग जो बर्फ आणि वारा सुरू झाला तो मंगळवारी रात्रीपर्यंत, बॉस्टनमध्ये 27.1 इंच. भरतीच्या पाण्याने किनाऱ्यावरची घरंच्या घरं नेली. आमच्या इथूनच जाणाऱ्या 128 नंबरच्या हमरस्त्यावर तीन हजारांहून जास्त गाड्या अडकल्या. त्यांतल्या एकीत आजींचे यजमान होते. तासातासाला खाली उतरून ते सायलेन्सर मोकळा करत राहिले. उजाडल्यावर त्यांनी शेजारच्या गाडीची काच वाजवली. आतला माणूस उठला नाही.

नंतर आठवडाभर गाड्या चालवायला बंदी होती. यजमान चालत घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, एवढंच सांगून आजी थांबल्या. मीही पुढे विचारलं नाही.

2015 चा तो हिवाळा 110.6 इंचांवर जाऊन थांबला. शहरभरातून उचललेल्या बर्फाचा बंदराजवळचा ढीग 14 जुलैला वितळला. ते सांगायला गेले तर आजी म्हणाल्या, "फावडं डिकीतून काढलं नाहीस ना?"

नव्हतं काढलं. आजही ते तिथेच असतं.