तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्स म्हणायचं की ग्नू/लिनक्स?

हा प्रश्न फिरून फिरून येतो: नुसतं 'लिनक्स' म्हटलं तर चुकतं का, आणि 'ग्नू/लिनक्स' म्हणणारे एवढे हट्टाला का पेटतात? लिनक्स हा संगणक प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल; ग्नू हा त्याभोवतीची साधनं लिहिणारा प्रकल्प. हो किंवा नाही एवढ्यावर भागत नाही, कारण वाद वरून श्रेयाचा दिसतो आणि आतून विचारसरणीचा आहे.

आधी टर्मिनल उघडा. 'युनेम' ही कमांड एस हा पर्याय लावून चालवा. उत्तर येतं 'लिनक्स'. हे कर्नल स्वतः सांगतं. आता तीच कमांड ओ लावून चालवा. बहुतेक नेहमीच्या वितरणांवर, म्हणजे उबुंटूसारख्या तयार संचांवर, उत्तर येतं 'ग्नू/लिनक्स'. हे कर्नलला विचारलेलंच नसतं; कमांड ग्नूच्या कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचातली असेल तर कंपाइल होतानाच हे शब्द तिच्यात भरले जातात. एकाच यंत्राची दोन नावं, आणि दुसरं नाव श्रेय मागणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं!

मागणी हवेतली मात्र नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर 1983 मध्ये युनिक्ससारखी, पण पूर्ण मुक्त, म्हणजे कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशी प्रणाली लिहायची घोषणा केली. तिचं नाव ग्नू. कंपायलर, शेल, एडिटर, सी लायब्ररी होत गेलं. घोडं अडलं कर्नलपाशी. हर्ड या ग्नूच्या कर्नलचं काम 1990 मध्ये सुरू झालं आणि रखडलं. ऑगस्ट 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कर्नलची वर्दी दिली, तेव्हा त्यावर बॅश हा शेल आणि जीसीसी हा कंपायलर चालवून पाहिल्याचं त्याच संदेशात लिहिलं होतं. दोन्ही ग्नूचे. 'लिनक्स' हे नाव तर त्यांनी पुढेही केलं नव्हतं. त्यांच्या मनात 'फ्रीक्स' होतं. फाइली उतरवून घ्यायचा एफटीपी सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी डिरेक्टरीला 'लिनक्स' नाव दिलं आणि तेच चिकटलं.

श्रेय कोडच्या मापाने द्यायचं म्हटलं की हिशेब फसतो. स्टॉलमन यांची संस्था फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन एका सीडी विक्रेत्याची जुनी मोजणी सांगतं: वितरणात ग्नूचा कोड सुमारे 28 टक्के, कर्नल सुमारे 3 टक्के. आज त्यात ब्राउझर, ऑफिस संच, डेस्कटॉप घातले की टक्के पार बदलतात. मग नावात कुणाकुणाला घ्यायचं?

स्टॉलमन यांनाही ही अडचण चांगली ठाऊक होती, आणि मला या वादातला सगळ्यात रोचक भाग हाच वाटतो. बीएसडी या कॅलिफोर्नियातल्या युनिक्सच्या मूळ परवान्यात एक अट होती: जाहिरातीत या सॉफ्टवेअरचा उल्लेख केलात, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाचं श्रेयवाक्य छापा. इतरांनी परवाना उचलला आणि विद्यापीठाच्या जागी आपापलं नाव घातलं. त्याच घराण्यातल्या नेटबीएसडी प्रणालीच्या 1997 च्या एका आवृत्तीत अशी 75 वाक्यं स्टॉलमन यांनी मोजली आणि त्या अटीविरुद्ध मोहीम चालवली. 1999 मध्ये विद्यापीठाने ती काढली. हाच माणूस ग्नूचं नाव घ्या म्हणतो, हा दुटप्पीपणा नव्हे का? नाही, कारण तिथे कायदेशीर सक्ती होती, इथे विनंती आहे. ग्नूच्या जीपीएल परवान्यात 'ग्नू म्हणा' असं कलम नाही. शिवाय श्रेय हा त्यांच्या लेखी निम्माच मुद्दा. 'ग्नू' ऐकलं की माणूस विचारेल ते काय, आणि मग स्वातंत्र्याची गोष्ट निघेल, हा खरा हिशेब.

ती गोष्ट टाळता यावी म्हणूनच फेब्रुवारी 1998 मध्ये ख्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला 'ओपन सोर्स' हा शब्द उचलला गेला. 'फ्री' म्हणजे फुकट असा गैरसमज होई, आणि नीतीची भाषा कंपन्यांना नकोशी वाटे. मराठीत वेगळीच गंमत झाली आहे. फुकट आणि मुक्त हे आपल्याकडे वेगळे शब्द, म्हणून पहिला गोंधळ नाही. पण 'फ्री' आणि 'ओपन' दोघांचंही आपण 'मुक्त' केलं, आणि ज्या फरकावरून तिकडे भांडण, तो 'मुक्त सॉफ्टवेअर' आणि 'मुक्तस्रोत'मध्ये पुसला गेला. मी दुसऱ्यासाठी सरळ 'ओपन सोर्स' लिहितो.

तांत्रिक बोलताना मात्र नेमकं नाव लागतं. अल्पाइन लिनक्स या छोट्या वितरणात ग्लिबसी या ग्नूच्या सी लायब्ररीऐवजी मसल ही लायब्ररी आणि कोअरयुटिल्सऐवजी बिझीबॉक्स हा कमांड-संच असतो, अँड्रॉइडमध्ये बायोनिक ही लायब्ररी. त्यांना ग्नू/लिनक्स म्हणणं चूकच. ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम अल्पाइनवर चालवा: फाइल समोर दिसते आणि शेल म्हणतो 'सापडली नाही'. हरवलेली असते ती फाइल नव्हे, तिने मागितलेला ग्लिबसीचा लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना लायब्ररी जोडणारा भाग. कुठली लायब्ररी आहे ते 'एलडीडी' या कमांडला आवृत्ती विचारली की कळतं. उबुंटू 25.10 ने तर कोअरयुटिल्सच्या जागी रस्ट भाषेत लिहिलेला, जीपीएलऐवजी एमआयटी परवान्याचा पर्याय आणला. ग्लिबसी ग्नूचीच राहिली. आता किती ग्नू म्हणजे ग्नू, ते तुम्हीच ठरवा.

माझं उत्तर: गप्पांत लिनक्स, पूर्ण प्रणालीबद्दल लिहिताना ग्नू/लिनक्स, कर्नलबद्दल लिहिताना 'लिनक्स कर्नल'.

खरं श्रेय बुडतं ते गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आणि त्यावर कुणी भांडत नाही. गिट प्रत्येक कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, लेखक आणि कमिट करणारा अशी दोन नावं ठेवतं. मेलने आलेला पॅच (दुसऱ्याने पाठवलेला बदल) 'गिट ए-एम'ने लावला तर लेखक टिकतो. 'गिट अप्लाय'ने लावून कमिट केला तर लेखक म्हणून तुमचंच नाव लागतं. 'मर्ज' करताना, म्हणजे शाखा जोडताना, सगळे बदल एकत्र करणारा 'स्क्वॉश' पर्याय दिला तरी तेच. बदल सर्व्हरवर पाठवण्याआधी (पुश) शेवटचा कमिट 'अमेंड' करून 'ऑथर' पर्यायात मूळ नाव द्या. लेखक अनेक असतील तर संदेशाच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडून प्रत्येकासाठी 'को-ऑथर्ड-बाय'ची वेगळी ओळ लिहा. ईमेल त्यांच्या गिटहबसारख्या सेवेवरच्या खात्याचाच हवा, नाहीतर ओळ राहते आणि खात्याशी जोडली जात नाही.