चाल

पुण्याकडचा मित्र 'चल' म्हणतो, आमच्या खान्देशात 'चाल' म्हणतात. 'चाल ना भो!' एवढं म्हटलं की कुठे, कशाला, हे विचारायची सोय उरत नाही. उठायचं आणि निघायचं. पण हाच शब्द नाम झाला की त्याचा खरा रुबाब दिसतो, आणि तो बघावा सारंगखेड्याच्या यात्रेत.

दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग खूर, मग अंगावरचे भोवरे. भोवऱ्यांवर एवढी चर्चा होते की पत्रिका जुळवणारेही लाजतील. एवढं झाल्यावर म्हणतं, 'चाल दाखवा.' कानांची टोकं आत वळलेल्या मारवाडी किंवा काठेवाडी घोड्यावर पोरगं बसतं, लगाम जरा आवळतं, आणि घोडा रेवाल चाल धरतो. धड चालणं नाही, धड धावणं नाही. एका अंगाचे दोन पाय लागोपाठ पडतात, चारही टापा सुट्या ऐकू येतात, पाठ मात्र स्थिर. दुडकीत स्वार उसळतो, रेवालीत त्याची टोपीसुद्धा हलत नाही. घोडा किती पळतो, हा प्रश्न इथे दुय्यम. पळण्याला गती म्हणा. चाल म्हणजे जाण्याची तऱ्हा, ज्याची त्याची. 'घोडानी चाल चांगली शे, पन भाव जास्ती शे भो,' असं म्हणत गिऱ्हाईक पाठ फिरवतं. ही त्याची चाल, आणि विकणाऱ्याला ती पाठ असते.

बुद्धिबळातली चाल, शत्रूवरची चाल, घरची चालरीत, सगळीकडे पाय नसताना हा शब्द जाऊन बसलाय. त्यातली मला प्रिय ती गाण्याची. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते, गाणी म्हणत रात्र जागवायची असते. एखाद्या आजीला ओळ आठवत नाही. ती थांबत नाही, नुसती चाल धरून ठेवते, हातातली टाळी चालूच. तेवढ्यात मागून कुणीतरी नवीच ओळ टाकते, तीत जावयाची मोटारसायकलही येते. बाया हसतात, ओळ उचलतात, आणि पुढच्या वर्षी ती जुनी म्हणून गातात.